पैशाचे शहर आणि पैशाचे शास्त्र

सप्टेंबर २०२४ मध्ये ‘सेबी’ने एक अभ्यास प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्सचे व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के व्यक्तींना तोटा झाला होता. एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर होता. बातमी गाजली, आणि दोष लोकांच्या हव्यासाला देऊन चर्चा संपली.

त्याच अभ्यासातील दुसरा आकडा मात्र फारसा कोणी वाचला नाही. २०२३-२४ मध्ये नफा मिळवणाऱ्यांत स्वतःच्या भांडवलावर व्यवहार करणाऱ्या दलाली संस्था आणि परदेशी गुंतवणूकदार संस्था आघाडीवर होत्या, आणि त्यांच्या नफ्याचा ९५ टक्क्यांहून मोठा हिस्सा संगणकीय अल्गोरिदमद्वारे आलेला होता. बाजाराच्या एका बाजूला संभाव्यताशास्त्र, सांख्यिकी आणि वेगवान संगणक होते. दुसऱ्या बाजूला मोबाइलवर आलेली ‘टिप’. हा सामना हव्यासाचा जितका, तितकाच विद्येच्या विषमतेचाही आहे.

ज्या मुंबईत ही उलाढाल चालते, तिला अर्थविद्येची परंपरा नाही असे नाही. १९१३ मध्ये स्थापन झालेल्या सिडनहॅम महाविद्यालयात १९१८ ते १९२० या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर अर्थशास्त्र शिकवीत होते. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ १९२३ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाला. रिझर्व्ह बँकेने १९८७ मध्ये गोरेगावला इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था उभारली. ‘सेबी’ने २००६ मध्ये राष्ट्रीय प्रतिभूती बाजार संस्था स्थापन केली. कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणित आहे, पवईला आयआयटीत संगणकशास्त्र आहे.

उणीव संस्थांची नाही, त्यांना जोडणाऱ्या पुलांची आहे. बहुसंख्य महाविद्यालयांत वित्त हा विषय नोकरीचा परवाना म्हणून शिकवला जातो. ताळेबंद वाचता येतो, पण दहा व्यवहारांत नऊदा थोडे मिळवणारा माणूस दहाव्या व्यवहारात सर्वस्व का गमावू शकतो, हे पदवीधरालाही सांगता येत नाही. दुसरीकडे, हे गणित ज्यांना उत्तम येते अशा तरुणांना ट्रेडिंग कंपन्या गलेलठ्ठ पगार देऊन उचलतात. त्यात त्या तरुणांचा अपराध नाही. पण सामान्य गुंतवणूकदाराच्या बाजूने तेच गणित मांडणारे कोणी उरत नाही, हे समाजाचे नुकसान आहे.

विरुद्ध बाजूचे म्हणणे असे की, शिक्षणाने मोह आवरत नाही. त्यासाठी निर्बंधच हवेत. निर्बंधही आले. ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘सेबी’ने कराराचे किमान मूल्य वाढवले, साप्ताहिक करारांवर मर्यादा घातली आणि ते बदल टप्प्याटप्प्याने लागू केले. तरीही २०२४-२५ मध्ये तोट्यातील व्यक्तींचे प्रमाण ९१ टक्के राहिले. निर्बंध अपुरे होते, की परिणाम दिसण्यास वर्ष पुरले नाही? याचे उत्तर मिळायचे तर नियामकाच्या निर्णयाची तपासणी नियामकाबाहेरच्या संशोधकांनीही करायला हवी. औषधाची चाचणी केवळ ते लिहून देणाऱ्यावर सोपवली जात नाही.

त्यासाठी तीन गोष्टी आवश्यक आहेत. व्यक्तीची ओळख पूर्णतः पुसून व्यवहारांची माहिती विद्यापीठीय संशोधकांना माफक अटींवर मिळावी. गणित, संगणकशास्त्र व अर्थशास्त्र यांचे संयुक्त संशोधन मुंबईत सार्वजनिक निधीतून उभे राहावे आणि त्याचे निष्कर्ष भारतीय भाषांतही यावेत. आणि शाळेत संभाव्यता शिकवताना फासे व पत्त्यांबरोबर विमा, कर्ज आणि ऑप्शन यांचीही उदाहरणे यावीत.

तोट्यात गेलेली माणसे केवळ मुंबईची नाहीत. ती देशभरच्या गावा-शहरांतली आहेत. त्यांचा पैसा मोबाइलच्या एका स्पर्शाने या शहरात पोहोचतो. या शहरातील शास्त्रही तितक्याच सुलभतेने त्यांच्यापर्यंत पोहोचले, तरच ‘आर्थिक राजधानी’ हे बिरुद सार्थ ठरेल.