अंबाड्याला ५०० रुपये!

विषय वाचून काहीजण हसतील. वार्षिक अंकात लिहायला हिला अंबाडाच सापडला का, असेही विचारतील. पण केस हा विषय आपण समजतो तितका क्षुल्लक नाही. याच महाराष्ट्रात विधवा बाईच्या डोक्यावर केस ठेवायचे की नाही यावर मोठे वाद झाले. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक बांधवांनी विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला होता. माझा प्रश्न एवढा मोठा नाही, तो आपल्या स्नेहसंमेलनापुरताच आहे. पण तिथेसुद्धा कोण रंगमंचावर जाणार आणि कोण खाली बसून टाळ्या वाजवणार, हे कधीकधी केसांवरून ठरते.

गेल्या वर्षी मी प्रथम वर्षाला होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. कोळीनृत्यात माझे नाव घेतले, तेव्हा मला आकाश ठेंगणे झाले. पंधरा दिवस तालीम केली, शेवटची एस. टी. पकडून अंधारात घरी गेले. कार्यक्रमाला चार दिवस उरले असताना ठरले की सगळ्यांचे अंबाडे एकसारखे दिसायला हवेत, म्हणून साऱ्याजणींनी पार्लरमध्ये जायचे. गंगावन, वेणी, पिना सगळे धरून माणशी ५०० रुपये. “हौसेला मोल नसतं गं!” एक मैत्रीण म्हणाली. ती काही वाईट बुद्धीने म्हणाली नाही. पण आमच्या घरी आधी मोल विचारावे लागते, मग हौस.

संध्याकाळी आईला सांगितले. ती नुकतीच शेतावरून आली होती. “पाचशे? आंबाड्याचं?” म्हणून तिने आपला सुटलेला अंबाडा सोडला, दोन पीळ दिले आणि बोलता बोलता पुन्हा बांधलासुद्धा. मग जरा थांबून म्हणाली, “आणते कुणाकडनं तरी उसने.” ते ऐकून मला जास्तच वाईट वाटले. ती तिची दोन दिवसांची मजुरी होती. दुसऱ्या दिवशी मी पाय मुरगळल्याचे सांगितले. माझ्या जागी दुसरी मुलगी आली, आणि मी खाली बसून टाळ्या वाजवल्या. मला कुणीही काढले नव्हते, हे मुद्दाम सांगते. अशा वेळी कुणी काढत नाही, आपणच निघतो.

तेव्हापासून हा अंबाडा माझ्या डोक्यातून जाईना. आपण कोळीनृत्य करतो, म्हणजे कुणाचा वेष घेतो? मासळीच्या पाट्या डोक्यावर वाहणाऱ्या बायकांचा. त्यांचा घट्ट अंबाडा आणि त्यावरची वेणी ही कष्टकरी बाईची शोभा आहे. माझी आईही अंबाडा मानेवर घालते. डोक्यावर चुंबळ ठेवून वैरणीचा भारा घ्यायचा, तर केस आड येऊन चालत नाहीत. अंबाडा घालायला या बायकांना आरसासुद्धा लागत नाही. ज्यांचा अंबाडा आपण नाचात मिरवतो, त्यांच्याच मुलींना तो परवडू नये, ही केवढी विसंगती!

गंगावनाचीही एक गंमत सांगते. विंचरताना गळालेले केस आमच्याकडे बायका गुंडाळून भिंतीच्या फटीत खोचून ठेवतात. केस घेणारा फेरीवाला आला की त्यावर एखादे भांडे नाहीतर पोरांना फुगे मिळतात. असले केस पुढे विंचरून, निवडून व्यापारात जातात आणि त्यांची गंगावने होतात. म्हणजे आमच्याच दारातून फुग्यावर गेलेले केस आमच्याच डोक्यावर भाड्याने येणार!

दिवाळीच्या सुट्टीत मी धाकट्या बहिणीला पुढ्यात बसवून अंबाडा शिकले. त्यातही शास्त्र आहे. त्याच दिवशी न्हालेले केस निसटतात, म्हणून आदल्या दिवशी न्हावे आणि तेलाचा हात फिरवावा. आधी मानेजवळ रबर घट्ट बांधावे, मग पीळ देत देत केस त्याभोवती गुंडाळावेत. आकडा नुसता खुपसला तर सुटतो. अंबाड्याचे थोडे केस त्यात धरून तो उलटवावा आणि आतल्या बाजूला सारावा. वरून जाळी, आणि जाळीवर वेणी.

यंदा मंगळागौरीच्या नृत्यात आम्ही नऊजणी होतो. एका रिकाम्या वर्गात आम्ही एकमेकींचे अंबाडे घातले. एकीचे केस मानेपर्यंतच होते. तिच्यासाठी काळ्या लोकरीचा गुंडा जाळीत बसवला. आकडे, जाळ्या, लोकर आणि अबोलीच्या वेण्या मिळून माणशी ६० रुपयेसुद्धा लागले नाहीत. फुगडीत माझाच अंबाडा जरा कलला, आणि बक्षीसही मिळाले नाही. पण कुणाचा पायही मुरगळला नाही!

यावर काहीजणी म्हणतील, पार्लरवाल्या बाईचेही पोट आहे. आहेच. तीही आपल्या हिमतीवर उभी राहिलेली बाई आहे आणि तिच्या कलेला दाम मिळालाच पाहिजे. ज्यांना हौस आहे त्यांनी लग्नकार्यात जरूर जावे. माझा विरोध पार्लरला नाही, सक्तीला आहे. कुणी म्हणेल, परीक्षकांना टापटीप लागते. मग गुण पदन्यासाला द्यायचे की पिनांना, हे एकदा ठरवून टाकावे.

म्हणून सांस्कृतिक विभागाला माझी नम्र सूचना आहे. आकडे, जाळ्या, फिती आणि चार कंगवे यांची एक पेटी महाविद्यालयानेच घ्यावी. पुढची कित्येक वर्षे ती पुरेल. नृत्याची निवड होईल त्याच दिवशी प्रत्येकीला किती खर्च येईल ते स्पष्ट सांगावे. आणि तालमीचा एक दिवस केस बांधायला शिकण्यासाठी ठेवावा. ज्यांना येते त्यांनी इतरांना शिकवावे.

मैत्रिणींनो, पुढच्या वर्षी तालमीतून एखादी मुलगी अचानक पाय दुखतो म्हणून बाजूला झाली, तर तिच्या पायाकडे पाहू नका. तिला जवळ बसवा आणि हातात कंगवा घ्या.