फ्रेंच भाषा व व्यापारशिक्षण

पुणें-मुंबईच्या कॉलेजांतून फ्रेंच घेणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या लहान नाहीं. ही भाषा कां घेतली असें विचारल्यास पुष्कळांचें प्रामाणिक उत्तर असें येतें कीं, तींत गुण चांगले पडतात. गुण पडतात, परीक्षा आटोपते, आणि पुस्तक माळ्यावर जातें. आतां दुसरीकडे पाहावें. कोकणांतील व गोव्यांतील काजूच्या कारखान्यांस देशांत पिकणारी बी पुरत नाहीं, म्हणून ती आफ्रिकेंतून आणवावी लागते. त्यांतील मोठा भाग आयव्हरी कोस्ट, बेनिन इत्यादि देशांचा. आणि तेथील सरकारी हुकूम, जकातीचे कागद व कोर्टाचे निवाडे फ्रेंच भाषेंत. तरी फ्रेंच जाणणारा एकहि मनुष्य पेढीवर न ठेवतां मध्यस्थाच्या इंग्रजी पत्रावर विसंबून हे सौदे करण्याचीच चाल आमच्याकडे आहे. भाषा शिकलेल्यास काम नाहीं आणि काम असलेल्यास भाषा नाहीं, ही स्थिति एकाच प्रांतांत असावी हें शोचनीय होय.

नुसती भाषा शिकूनहि ही उणीव भरून निघणार नाहीं, हें मात्र प्रथमच सांगितलें पाहिजे. फ्रेंचांत इंग्रजीसारखे दिसणारे शब्द पुष्कळ, आणि तेच अधिक घात करितात. 'देले' हा शब्द पाहून इंग्रजी शिकलेल्यास विलंब आठवतो. फ्रेंच व्यापाऱ्याच्या पत्रांत त्याचा अर्थ मुदत असा असतो. 'सोसिएते आनोनिम' म्हणजे निनावी मंडळी नव्हे, भागभांडवलाची कंपनी. आंकड्यांचेंहि तसेंच. फ्रेंच लेखनांत दशांशचिन्हाच्या जागीं स्वल्पविराम घालतात, व हजारांचे गट मोकळी जागा सोडून पाडतात. त्यामुळें एक, पुढें स्वल्पविराम, पुढें दोनशें पन्नास असें लिहिलेलें आमचा कारकून साडेबाराशें वाचील, आणि लिहिणाऱ्याच्या मनांत सवा असेल.

इतकें तरी चांगल्या कोशाच्या साहाय्यानें उमजेल. विसाराची गोष्ट कोशानेंहि उमजत नाहीं. आगाऊ रकमेस फ्रेंचांत दोन शब्द आहेत, 'आर' आणि 'आकोंत'. रक्कम 'आर' म्हणून दिली असेल, तर फ्रान्सच्या १८०४ सालच्या दिवाणी संहितेच्या १५९० व्या कलमान्वयें दोन्ही पक्षांस सौद्यांतून निघण्याची मुभा राहते: देणारा निघाला तर त्याची रक्कम बुडाली, घेणारा निघाला तर त्यानें दुप्पट परत करावयाची. तीच रक्कम 'आकोंत' म्हणून दिली असेल तर तो किंमतीचा पहिला हप्ता. सौदा पक्का, आणि मोडणारा नुकसानभरपाईस जबाबदार. ज्यानें भाषा आणि कायदा एकाच वर्गांत वाचला, त्यालाच पत्रांतील त्या एका शब्दावर थांबण्याचें सुचेल.

आफ्रिकेंतील कायद्याचें स्वरूप तर याहून निराळें आहे. १९९३ सालीं मॉरिशसमधील पोर्ट लुई शहरीं झालेल्या तहानें तेथील राष्ट्रांनीं आपला व्यापारी कायदा एक करण्यासाठीं एक संस्था काढिली. तिला 'ओहादा' म्हणतात. तिचीं १७ सभासद-राष्ट्रें असून सामाईक न्यायालय आबिजान येथें आहे. या कायद्याप्रमाणें व्यापारी खरेदीविक्रीच्या दाव्यास दोन वर्षांची मुदत असते. आमच्याकडे सामान्यतः तीन वर्षें मिळतात. ज्याच्या करारास तो कायदा लागू आहे आणि ज्याला हें ठाऊक नाहीं, तो तिसऱ्या वर्षीं दावा घेऊन गेल्यास हात हलवीत परत येईल.

परंतु सर्वांत अधिक लक्ष द्यावयाचें तें नाण्याकडे. १४ देशांत चालणारा सेफा फ्रँक १९४५ सालीं फ्रान्सनें निर्माण केला, आणि एका युरोस ६५५.९५७ फ्रँक असा त्याचा दर बांधलेला आहे. आमचा कारखानदार रोज डॉलरचा भाव पाहतो, कारण सौदा डॉलरांत असतो. पण आबिजानचा निर्यातदार शेतकऱ्यास फ्रँकांत पैसे देतो. शेतकऱ्यास द्यावयाची किमान किंमत तेथील सरकार हंगामापूर्वीं फ्रँकांतच ठरवितें. आणि फ्रँक युरोशीं जखडलेला. डॉलरच्या मानानें युरो महागला कीं तितक्याच डॉलरांचे फ्रँक कमी येतात, आणि निर्यातदार भाव चढवून मागूं लागतो किंवा माल देण्यास कांकूं करितो. वेंगुर्ल्यास बसलेल्या खरेदीदारास तो लबाड वाटतो. एखादा असेलहि लबाड. पण पुष्कळदां त्याच्या हातीं दुसरा उपाय नसतो. याच फ्रँकचें मोल जानेवारी १९९४ मध्यें एका दिवसांत निम्में करण्यांत आलें होतें. ज्यांचें येणें फ्रँकांत होतें त्यांस व्याकरणाच्या ज्ञानाचा त्या दिवशीं कांहींच उपयोग झाला नसता.

बेनिनचें उदाहरण ताजें आहे. बी परदेशीं पाठवून गर दुसऱ्यांनीं विकावा यापेक्षां ती घरींच फोडावी, या हेतूनें त्या सरकारनें १ एप्रिल २०२४ पासून कच्च्या काजूची निर्यात बंद केली. आमच्या कारखान्यांस हें गैरसोयीचें खरें. पण सार्वजनिक काकांपासून ज्या प्रांतांत स्वदेशीचा उपदेश चालत आला, तेथील लोकांस त्यांतील हेतु समजण्यास अडचण पडूं नये. असे हुकूम एका दिवसांत निघत नाहींत. त्यांची चर्चा आधीं तेथील वर्तमानपत्रांत होते, आणि ती वाचणारा मनुष्य जवळ असेल तर वर्षभर आधीं दुसरी बाजारपेठ शोधतां येते. मौज अशी कीं, 'काजू' हा शब्द पोर्तुगीजांच्या मार्फत आम्हांसहि मिळाला आणि फ्रेंचांसहि. परंतु या देशांच्या सरकारी कागदांत कच्च्या बीस 'आनाकार्द' असेंहि म्हणतात. नुसता 'काजू' शोधीत बसणाऱ्यास एखादा हुकूम समोर असूनहि दिसावयाचा नाहीं.

कोणी म्हणेल कीं, आफ्रिकेंत फ्रेंच आतां ओसरत चालली आहे, मग हा खटाटोप कशास? माली देशानें २०२३ च्या राज्यघटनेनें तिचें राजभाषापद काढून तिला कामकाजाची भाषा एवढेंच स्थान ठेविलें, आणि माली, बुर्किना फासो व नायजर हीं तिन्ही राष्ट्रें मार्च २०२५ मध्यें फ्रेंचभाषी राष्ट्रांच्या संघांतून बाहेर पडलीं, हें खरें आहे. परंतु त्या वेळीं सेफा फ्रँक त्यांनीं सोडिला नव्हता. भाषेचें पद जातें आणि नाणें राहतें, हा प्रकार ज्याला समजावयाचा आहे त्यानें भाषेबरोबर अर्थकारण शिकलें पाहिजे, असाच या आक्षेपाचा निष्कर्ष निघतो.

साधनें अगदींच नाहींत असें नाहीं. पॅरिसच्या व्यापारी मंडळानें १९५८ पासून व्यवसायोपयोगी फ्रेंचच्या परीक्षा चालविल्या आहेत. पुण्यांत रानडे इन्स्टिट्यूटमध्यें भाषेचे वर्ग आहेत, आणि वाणिज्याचीं कॉलेजें तर शहरोशहरीं आहेत. या दोहोंनीं मिळून दोन वर्षांचा एक अभ्यासक्रम आंखावा. त्यांत कथा-कवितांबरोबर ओहादाचे कायदे, जहाजाच्या पावत्या व डाकार येथील मध्यवर्ती बँकेचीं पत्रकें वाचवावीं, आणि शेवटचे सहा महिने विद्यार्थ्यानें एखाद्या पेढीवर घालवावे. मॉरिशसमध्यें मराठी वंशाचीं कुटुंबें आहेत व तेथील वर्तमानपत्रें बहुतांशीं फ्रेंच. पहिला प्रवास तेथवर करविणेंहि अवघड नाहीं.

भाषेच्या वर्गांत मुली पुष्कळ दिसतात, पेढीच्या गादीजवळ क्वचितच. हा अभ्यासक्रम पुरा केलेली मुलगी कामासाठीं दारांत आली, तर तिला हिशेबाच्या वह्या व परदेशचा पत्रव्यवहार सोंपविण्यास आपली तयारी आहे काय, हें व्यापाऱ्यांनीं आजच ठरवावें. आणि काजूच्या कारखानदारांच्या संघांनीं पुढील हंगामापूर्वीं निदान दोन शिष्यवृत्त्या जाहीर कराव्या. ओल्या मालाचा एक कंटेनर पदरीं पडल्यास जें नुकसान सोसावें लागतें, त्याहून हा खर्च अधिक होणार नाहीं.