अर्जातला ‘मी’ कुठे गेला?

आमच्याकडे मुले-मुली नोकरीचे अर्ज तपासायला आणतात. त्यात एक गोष्ट हटकून दिसते. ‘मशीनची देखभाल करण्यात आली.’ ‘माल वेळेवर पोचविण्यात आला.’ अरे, पण कोणी? साहेबाला माणूस नेमायचा आहे आणि अर्जात माणूसच नाही!

‘आपणांस कळविण्यात येते की’ अशी सरकारी पत्रे वाचतच आपण मोठे झालो. कचेरीचे ठीक आहे, तिथे खुर्ची बोलते. आपण मात्र तीच भाषा भारदस्त समजून बसलो. शिवाय ‘मी केले’ म्हटले तर उद्धटपणा दिसेल, ही पिढ्यान्‌पिढ्यांची धास्ती आहेच.

शाळेतले व्याकरण आठवा. ‘मी मशीन दुरुस्त केली’ हाही कर्मणी प्रयोगच. क्रियापद मशीनप्रमाणे चालते. तरी त्यात ‘मी’ ताठ उभा आहे. दोष कर्मणीचा नाही, कर्ता पुसून टाकण्याचा आहे.

एका भगिनीने लिहिले होते, ‘बचत गटाचे हिशेब ठेवले जात होते.’ विचारले तर हिशेब तिनेच ठेवलेले! मग लिही बाई, ‘मी चार वर्षे पंधरा महिलांच्या गटाचा हिशेब ठेवला, दरमहा पासबुकाशी जुळवला.’ अर्जातल्या प्रत्येक ‘आले’खाली पेन्सिलने रेघ मारा आणि ‘कोणी?’ असे विचारा. उत्तर ‘मी’ आले तर वाक्य बदला.

उत्तर दुसऱ्या कुणाचे आले तर ते राहू द्या. ‘मला हेल्परवरून फिटरच्या जागी बढती देण्यात आली’ यात वरिष्ठांनी दिलेली पावती आहे. नोकरी गेली असेल तिथे तर हा प्रयोग फारच उपयोगी. २०२० च्या टाळेबंदीत कामावरून कमी केलेली कितीतरी मुले लाजेने ‘नोकरी सोडली’ असे लिहितात. मुलाखतीत ‘का सोडली?’ विचारले की गडबडतात. सरळ लिहावे, ‘जून २०२० मध्ये कारखान्याची एक पाळी बंद करण्यात आली व मला कामावरून कमी करण्यात आले. त्यानंतर मी आठ महिने वेल्डिंगचे काम केले.’ मालकाला शिव्या नाहीत, स्वतःवर नसता ठपकाही नाही.

काम चौघांनी मिळून केले असेल तर सगळे आपल्या नावावर घेऊ नका. ‘आम्ही चौघांनी पॅनेल बसविले, वायरिंग मी केले’ एवढे पुरे.