आमदाराच्या दारातील रांग

निवडणूक जवळ आली की आमच्या वऱ्हाडात एकच प्रश्न कानी पडू लागतो : "आमदारानं आपलं काय काम केलं?" प्रश्न रास्त आहे. परंतु त्यातील 'काम' या शब्दाचा अर्थ कोणी विचारला, तर उत्तरे येतात ती अशी : नागपूरच्या दवाखान्यात खाट मिळवून दिली, पोराच्या दाखल्यासाठी तहसीलदारास फोन केला, लेकीच्या लग्नाला आले, मयतीलाही आले. विधानसभेत कोणत्या विधेयकावर ते काय बोलले, हे सांगू शकणारा मतदार आम्हांस क्वचितच भेटतो. आमच्या धर्मग्रामांतील शिकलीसवरलेली, शिक्षकी अन् परिचारिकेच्या पेशातील घराणीही याला अपवाद नाहीत. "फादर, आमदारसाहेबांना एक चिठ्ठी द्या" अशी विनंती घेऊन येणाऱ्यांत उलट तीच पुढे असतात.

ही सवय लोकशाहीला आतून पोखरीत आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते पटवून देण्यासाठी अचलपूरचे माजी आमदार ओमप्रकाश उर्फ बच्चू कडू यांच्या कारकिर्दीइतके बोलके उदाहरण आम्हांस दुसरे दिसत नाही. आळशी वा स्वार्थी पुढाऱ्याचे उदाहरण देऊन सवयीला दोष देणे सोपे असते. येथे माणूस कळकळीचा आहे, आणि नेमके म्हणूनच आम्ही ते घेतले आहे.

चांदूर बाजार तालुक्यातील बेलोरा हे त्यांचे गाव. शिवसेनेत सुरुवात, पंचायत समितीचे सभापतिपद, मग पक्षाशी काडीमोड आणि 'प्रहार' नावाची स्वतःची संघटना. रक्तदान, रुग्णांना मदत, अपंगांसाठी तीनचाकी सायकली, शेतकऱ्यांसाठी उपोषण या वाटेने ते वाढले. २००४ साली अमरावती लोकसभेची निवडणूक ते अपक्ष म्हणून लढले आणि अनंत गुढे यांच्याकडून हरले. परंतु त्याच वर्षी अचलपूरकरांनी त्यांना विधानसभेत पाठविले. २००९ आणि २०१४ मध्येही ते अपक्ष म्हणूनच निवडून आले; २०१९ मध्ये प्रहार जनशक्ती पक्षाचे म्हणून. पाठीशी मोठा पक्ष नाही, घराण्याची पुण्याई नाही, साखर कारखाना नाही. अशा माणसाने सलग चार वेळा निवडून यावे, हे महाराष्ट्रात सहसा घडत नाही. या चार विजयांचा आम्ही अनादर करीत नाही. प्रश्न एवढाच, की त्या मतांमधून मतदारांनी मागितले काय?

त्यांनी मागितला एक धावून येणारा माणूस, आणि तो त्यांना मिळाला. दिव्यांगांसाठी राखून ठेवलेला निधी खर्च होत नाही म्हणून हा माणूस २०१७ मध्ये नाशिकच्या महापालिका आयुक्तांच्या अंगावर धावून गेला. प्रकरण न्यायालयात गेले. कार्यकर्त्यांनी टाळ्या वाजविल्या. अधिकाऱ्यावर हात उगारणारा आमदार म्हणजे गरिबांचा वाली, हे समीकरण आणखी पक्के झाले. आम्हांस या टाळ्यांची भीती वाटते. निधी राखीव असणे हा दिव्यांगांचा हक्क. तो न देणाऱ्यास जाब विचारण्याचे मार्ग कायद्यात आहेत. ते मार्ग गंजलेले आहेत, हे मान्य. परंतु गंजलेले कुलूप दुरुस्त करण्यासाठी ज्याला विधानसभेत पाठवायचे, त्याने दार लाथेने उघडून दाखविले म्हणून आपण आनंदून गेलो, तर कुलूप तसेच राहणार आणि उद्या आलेल्या प्रत्येकाला पुन्हा लाथ मारणारा हवा असणार.

महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा लागू आहे. कोणता दाखला किती दिवसांत द्यायचा, न दिल्यास अपील कोणाकडे करायचे, हे सारे त्यात ठरलेले आहे. आमच्या किती कुटुंबांनी तसे एखादे अपील आजवर केले? आमदाराच्या दारातील रांगेत मात्र सकाळी सात वाजल्यापासून माणसे उभी असतात. जे हक्काचे, ते उपकार म्हणून घेण्यात आपल्याला कसली गोडी वाटते, कोण जाणे! उपकाराची परतफेड मात्र मतानेच करावी लागते, आणि मग पाच वर्षे कोणास काही विचारण्याची सोय उरत नाही.

डिसेंबर २०१९ मध्ये कडू राज्यमंत्री झाले; जलसंपदा, शालेय शिक्षण, महिला व बालविकास अशी खाती त्यांच्याकडे आली आणि अकोल्याचे पालकमंत्रिपदही. (लोकशाहीत मंत्र्याला 'पालक' म्हणणारे आम्ही, मग जनता बालक ठरली तर नवल ते काय?) डिसेंबर २०२० मध्ये मंत्री असतानाच ते शेतकरी आंदोलनाला पाठिंबा देण्यासाठी मोटारसायकलींचा ताफा घेऊन दिल्लीकडे निघाले. २०२१ साली वेषांतर करून, पठाण बनून अकोल्यातील सरकारी कचेरीत आणि पातूरच्या दुकानांत ते फिरले. बंदी असलेला गुटखा कसा मिळतो, हे त्यांनी स्वतः पाहिले. वर्तमानपत्रांत छायाचित्रे झळकली, लोकांना हारून-अल-रशीदची आठवण झाली. पण खलिफाला वेषांतर करावे लागे, कारण त्याच्याजवळ विधिमंडळ नव्हते, लेखापरीक्षक नव्हते, माहितीचा अधिकार नव्हता. मंत्र्याजवळ हे सगळे असते.

याच काळात त्यांच्या हाती जलसंपदा खात्याचे राज्यमंत्रिपद होते. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांतून जातो. तेथील विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही, शेतीलाही चालत नाही. चिठ्ठीने, फोनने वा हाणामारीने हे पाणी गोडे होणार नाही. त्यासाठी वर्षानुवर्षे चिकाटीने योजना, तरतूद आणि पाठपुरावा लागतो. तेथे टाळ्या नाहीत आणि छायाचित्रेही नाहीत. खारपाणपट्ट्यातील गावांनी तरी आपल्या उमेदवारास हा प्रश्न आधी विचारावा की नाही? आम्ही त्या गावांत गेलो आहोत. तेथेही आमदाराच्या लग्नसमारंभांतील हजेरीचीच चर्चा अधिक ऐकली.

जून २०२२ मध्ये ते एकनाथ शिंदे यांच्याबरोबर गुवाहाटीस गेले. बडनेऱ्याचे आमदार रवी राणा यांनी त्यावरून पैसे घेतल्याचा आरोप केला आणि ऑक्टोबरअखेर तो मागेही घेतला. मागे घेतलेल्या आरोपावर आम्ही बोलणार नाही. आम्हांस बोलायचे आहे ते वेगळ्याच गोष्टीवर : आदल्या दिवसापर्यंत ज्या सरकारात मंत्री, ते पाडण्यासाठी जाताना अचलपूरच्या मतदारास विचारावे, असे त्यांना वाटले नाही, आणि मतदारासही आपल्याला विचारायला हवे होते, असे वाटल्याचे दिसले नाही. मत धावून येणाऱ्या माणसाला दिलेले होते, धोरणाला नव्हे. मग तो कोणत्या सरकारकडे धावला, याचा हिशेब मागणार कसा?

त्या फेरबदलातून एक चांगली गोष्ट निघाली, हे आम्ही प्रांजळपणे सांगतो. डिसेंबर २०२२ मध्ये राज्यात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन झाला. कडूंनी ही मागणी लावून धरली होती. त्यांनी वाटलेल्या हजार सायकलींपेक्षा हे काम मोठे आहे, कारण ते त्यांच्या आमदारकीवर अवलंबून नाही. उद्या अचलपुरात कोणीही निवडून येवो, विभाग राहील. नोव्हेंबर २०२४ च्या प्रचारात त्याची चर्चा किती झाली? भाजपचे प्रवीण तायडे यांनी त्यांना १२,१३१ मतांनी हरविले. वीस वर्षे ज्यांनी रक्त दिले, त्यांना लोक विसरले, अशी हळहळ आम्ही ऐकली. यात लोकांचा कृतघ्नपणा आम्हांस दिसत नाही. उपकाराच्या पेढीवर ठेव कधी कायम राहत नाही. नवा पेढीवाला आला की गिऱ्हाईक तिकडे वळते.

अकोल्याकडे पाहा. गोवर्धन शर्मा, ज्यांना सारे शहर 'लालाजी' म्हणे, १९९५ पासून सलग सहा वेळा तेथून भाजपचे आमदार झाले. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले. अकोला पश्चिमची पोटनिवडणूक जाहीर झाली. परंतु उरलेली मुदत एक वर्षाहून कमी भरते म्हणून उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२४ मध्ये ती रद्द ठरविली. नोव्हेंबर २०२४ मध्ये काँग्रेसचे साजिद खान पठाण १,२८३ मतांनी निवडून येईपर्यंत वर्षभर हा मतदारसंघ आमदाराविना होता. त्या वर्षात २० फेब्रुवारी २०२४ रोजी मराठा आरक्षणाचे विधेयक संमत झाले, राज्याचा अर्थसंकल्प संमत झाला. २८८ जणांच्या सभागृहात अकोला पश्चिमची खुर्ची रिकामी होती. आम्हांस त्या काळात तेथील ओळखीच्या मंडळींकडून खंत ऐकू आली ती अशी : "आता सही कोणाची आणायची?"

कोणी म्हणेल, फादर, तुम्हांला बोलायला काय जाते. आजारी बाप घरात पडलेला असताना अपील करीत बसायचे का? नाही. खाट तातडीने हवीच, आणि ती मिळवून देणाऱ्याचे आभारही मानावेत. परंतु आभार मानल्यावर त्याच माणसाला विचारावे : साहेब, ही खाट तुमच्या फोनशिवाय का मिळाली नाही, आणि हे तुम्ही सभागृहात कधी विचारले? विचारण्याचे धाडस नसेल, तर निदान मत देताना तेवढे आठवावे.

पराभवानंतर कडू स्वस्थ बसले नाहीत. जून २०२५ मध्ये त्यांनी गुरुकुंज मोझरीस शेतकऱ्यांच्या कर्जमाफीसाठी उपोषण केले. ऑक्टोबरअखेर हजारो शेतकऱ्यांसह नागपूरचा हैदराबाद महामार्ग रोखून धरला. तेव्हा कोठे सरकारने ३० जून २०२६ पर्यंत निर्णय घेण्याचे आश्वासन दिले. सरकारकडून अशी तारीख त्यांनी मिळविली ती आमदार नसताना, रस्त्यावर बसून. त्याच नागपुरात दर हिवाळ्यात विधिमंडळ भरते, आणि वऱ्हाडचे सारे आमदार तेथे हजर असतात.