कळू देऊ नका!

दिवाळीच्या अंकात कॅन्सरचा विषय काढल्याबद्दल काही वाचक नाके मुरडतील. सणासुदीला अभद्र बोलू नये, असा आपला जुना शिरस्ता आहे. पण ज्या घरात आजार आहे त्या घरातही दिवाळी येतेच. तिथेही चकल्या तळल्या जातात, उटणे कालवले जाते, आणि माजघरात दबल्या आवाजात एक वाक्य पुनःपुन्हा उच्चारले जाते : "त्यांना कळू देऊ नका." माझे भांडण या वाक्याशी आहे. ते दिवाळीतच काढायचे कारण असे की, चुलते, मेहुणे, माहेरवाशिणी असे सारे गोत याच दिवसांत एका छपराखाली जमते, आणि या कटात सामील असलेली सगळी मंडळी एकदमच हाती लागतात.

अलीकडे या जुन्या वाक्याच्या जोडीला एक नवे वाक्य आले आहे. "मन शांत ठेवा. श्वासाकडे लक्ष द्या. वर्तमानात राहा." इंग्रजीत याला माइंडफुलनेस म्हणतात, मराठीत कुणी सजगता म्हणतो, कुणी अवधान. आमच्या जालन्यातही हे वाक्य मोबाइलवरून घरोघर पोहोचले आहे. पुतण्या पुण्याहून काकाला ध्यानाची ध्वनिफीत पाठवतो आणि त्याच दमात काकूला फोन करून सांगतो, "रिपोर्टात काय आहे ते काकांना सांगू नका हं!" म्हणजे आहे ते शांतपणे पाहा, असा उपदेश ज्याला करायचा, त्याच्याच डोळ्यांवर आधी फडके बांधायचे. मग त्या बिचाऱ्याने पाहायचे तरी काय?

मी मॅट्रिक शिकलेला शाळामास्तर आहे, कादंबऱ्या लिहितो. वैद्यकीच्या प्रांतात माझा अधिकार काडीचाही नाही. पण ही सजगता म्हणजे काय, हे समजून घेण्यास डॉक्टर असावे लागत नाही. १९७९ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या इस्पितळात जॉन कबात-झिन या गृहस्थाने दुखणाईतांसाठी आठ आठवड्यांचा एक वर्ग काढला. बौद्ध ध्यानपद्धतीतून त्याने साधना उचलली आणि धार्मिक भाग बाजूला ठेवला. आठवड्यातून एकदा दोन-अडीच तासांचा वर्ग, आणि रोज घरी पाऊण तास अभ्यास. उताणे पडून पायाच्या अंगठ्यापासून टाळूपर्यंत एकेका अवयवाकडे लक्ष न्यायचे, श्वास पाहायचा, थोडी सोपी आसने करायची. मनात विचार आला तर त्याला हाकलायचे नाही आणि त्याच्यामागे धावायचेही नाही. हा विचार आला, एवढेच ओळखायचे.

वर्गात दंगा करणाऱ्या पोराकडे काणाडोळा केल्याने दंगा थांबत नाही, आणि छडी उगारल्यानेही कायमचा थांबत नाही. मास्तरने त्याच्याकडे एकवार नीट रोखून पाहिले की निम्मा दंगा तिथेच ओसरतो. भीतीचेही तसेच आहे. रात्री तीन वाजता "पुन्हा गाठ आली तर?" हा प्रश्न उशाशी येऊन बसतो, तेव्हा त्याच्याकडे पाहण्याची ही एक तालीम आहे.

तिचा उपयोग होतो का? होतो. कॅनडातील कॅलगरी शहरात स्पेका, कार्लसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅन्सरच्या ९० रुग्णांवर सात आठवड्यांचा प्रयोग करून पाहिला आणि २००० साली तो प्रसिद्ध केला. वर्गात बसलेल्यांची उदासी व ताण, वाट पाहत राहिलेल्यांपेक्षा पुष्कळच कमी झाला होता. २०१८ साली हॉलंडमधील २४५ रुग्णांवरील अभ्यासात वर्गात येऊन शिकलेल्यांना आणि घरी बसून इंटरनेटवरून शिकलेल्यांना, दोघांनाही मानसिक त्रासात उतार पडला. २०२३ साली अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संस्थेने, चिंता व उदासी यांवर उपचार चालू असताना आणि संपल्यावरही ही साधना देऊ करावी, अशी शिफारस केली.

पण तराजूचे दुसरे पारडेही दाखवले पाहिजे. स्तनाच्या कॅन्सरच्या स्त्रियांवर झालेले असे १४ प्रयोग एकत्र तपासून २०१९ साली कॉक्रेन संस्थेने निष्कर्ष काढला, तो बेताचाच आहे : वर्ग संपता संपता चिंता, उदासी आणि निद्रानाश थोडे कमी होतात; पुढे काळ जातो तसा तो फरक पुसट होतो. तेव्हा हे औषध मनाच्या त्रासावरचे आहे आणि तेही माफक गुणाचे. गाठ याने विरघळत नाही. जो कुणी विरघळते म्हणून सांगेल, त्याला दाराबाहेरचा रस्ता दाखवावा.

आता माझा मुद्दा. या साधनेचे सारे भांडवल म्हणजे सत्य. जे आहे ते पाहायचे, ही तिची पहिली अट. आणि आपल्या घरांत नेमके तेच झाकून ठेवलेले असते. आजाऱ्याला "साधी गाठ आहे", "अल्सर आहे", "उष्णता झाली आहे" असे सांगितले जाते. जिथे पायाच खोटा, तिथे श्वासाकडे लक्ष देऊन काय साधणार? हा उपचार नव्हे. हे आजाऱ्याला गप्प बसवण्याचे एक सभ्य साधन झाले.

"खरे कळले तर धक्का बसेल," हा यावरचा ठराविक जबाब. मी विचारतो, त्याला कळलेले नाही असे तुम्हांला वाटते तरी कसे? जालन्याचा रुग्ण साठेक किलोमीटरवरच्या छत्रपती संभाजीनगरला जातो. तिथे २०१२ पासून चालू असलेल्या रुग्णालयाचे नावच मुळी शासकीय कर्करोग रुग्णालय. नाहीतर रात्रीच्या देवगिरी एक्स्प्रेसने मुंबई गाठून परळच्या टाटा रुग्णालयात जातो. १९४१ पासूनच्या त्या इमारतीत लोक कशासाठी जातात, हे मराठवाड्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत शेजारच्या वळकटीवर केस गळालेला, गळ्यावर शेकाचे काळे चट्टे असलेला माणूस बसलेला असतो. त्याच्याशी दोन शब्द बोलले की सारे उलगडते. आजाऱ्याला कळते ते असे, परक्याकडून. मग तो मुलांसाठी नाटक करतो आणि मुले त्याच्यासाठी. ज्या भीतीत सोबत हवी, त्या भीतीत घर भरलेले असून तो एकटा पडतो.

दुसरा जबाब संस्कृतीचा. "ते पाश्चात्त्य लोक तोंडावर सांगतात, आपली रीत वेगळी." हे निखालस अज्ञान आहे. १९६१ साली अमेरिकेत डॉक्टरांना विचारले, तेव्हा शंभरातले सुमारे नव्वद जण रुग्णाला कॅन्सर झाल्याचे न सांगणेच पसंत करीत. १९७९ साली पुन्हा विचारले, तेव्हा शंभरातले सत्त्याण्णव सांगण्याच्या बाजूचे झाले होते. अवघ्या अठरा वर्षांत रीत उलटली. मधल्या काळात, १९७७ साली, न्यूयॉर्कच्या एका मोठ्या कॅन्सर रुग्णालयात जिमी हॉलंड या डॉक्टरीणबाईंनी रुग्णांच्या मनाची देखभाल करणारा विभाग उभा केला. आणि कबात-झिनचा वर्ग कधी निघाला? त्याच १९७९ साली. आधी तिथे खरे बोलण्याची वहिवाट पडली, त्यावर ही साधना रुजली. आपण मात्र वरचे रोप तेवढे उचलून आणले आहे. त्याखालची माती आणायची राहिली.

आता जरा कडू बोलतो. हे लपवणे सर्वस्वी मायेपोटी असते, हे मला मान्य नाही. त्यात सोयही असते. अंबड तालुक्यातल्या एका गावातील बाईंची हकीकत माझ्या चांगल्या माहितीतली आहे. छातीत गाठ. "किरकोळ आहे," एवढेच त्यांना सांगितले गेले. शेक कशाचे, सलाईन कशाचे, पुढचे ऑपरेशन का टळले, हे सारे दीर आणि मुलगे ओसरीवर ठरवीत. बाईंच्या नावावर दोन एकर होते. लेकीसाठी जपून ठेवलेले चार तोळे होते. त्यांना दिवस मोजके आहेत हे कळले असते, तर त्या लेकीच्या नावे काही करून गेल्या असत्या. त्यांना ते करू दिले गेले नाही. शेवटच्या महिन्यात कुणीतरी त्यांना प्राणायाम शिकवला म्हणे. ज्या बाईला स्वतःच्या देहाविषयीचा निर्णय घेऊ दिला नाही, तिला स्वतःच्या श्वासावर ताबा ठेवायला सांगणे ही क्रूर थट्टा आहे. पुरुष आजारी पडला तर त्याला निदान सात-बाऱ्यावर सही करण्यापुरते तरी कळवतात. बाईला तेवढेही नाही.

मग काय रिपोर्ट वाचून दाखवायचा? तसे कोण म्हणतो! काहींना सारे ऐकायचे नसते, आणि न ऐकण्याचाही त्यांना हक्क आहे. पण तो हक्क त्यांचा आहे, पुतण्याचा नव्हे. वॉल्टर बेल, रॉबर्ट बकमन प्रभृती डॉक्टरांनी २००० साली वाईट बातमी सांगण्याच्या सहा पायऱ्या घालून दिल्या. त्यांतले शहाणपण आपल्या आजीलाही पटेल असे आहे : एकांतात बसावे, तुम्हांला काय झाले आहे असे वाटते, हे आधी विचारावे, किती जाणून घ्यायचे आहे, ते विचारावे, तेवढेच साध्या शब्दांत सांगावे, रडू आले तर थांबावे, आणि पुढे काय करायचे ते दोघांनी मिळून ठरवावे.

दुसऱ्या एका टोळीचाही समाचार घेणे प्राप्त आहे. "मनाने खंबीर राहिलात तर बरे व्हाल," असे सांगणारे हे लोक. याचा उलटा अर्थ काय होतो? बरा झाला नाही तो मनाचा कच्चा! रोगाचे ओझे काय कमी होते, म्हणून त्यावर अपराधाचे गाठोडे ठेवायचे? स्वतः कॅन्सर भोगलेल्या सुझन सोंटॅग या लेखिकेने १९७८ सालीच एक पुस्तक लिहून या वृत्तीवर आसूड ओढला होता. आणि वेदनेचे काय? हाडात ठणका लागलेल्या माणसाला ध्यानाला बसवू पाहणाऱ्याने स्वतःच्या दुखऱ्या दाढेवर आधी तो प्रयोग करावा. त्या ठणक्याला मॉर्फिन लागते. १९८५ च्या कायद्याने ते मिळणे इतके जिकिरीचे केले होते, की २०१४ साली त्यात दुरुस्ती करावी लागली. वेदना आधी थांबवा, श्वासाचे मग पाहू.

"हे सारे आपल्याकडे होतेच," असे म्हणून मिशीला पीळ देणारेही भेटतात. होते ना! मनाला उद्देशून २०५ श्लोक रचणाऱ्या समर्थांचे जन्मगाव जांब आमच्याच घनसावंगी तालुक्यात आहे. इगतपुरीला १९७६ पासून विपश्यनेचे केंद्र आहे आणि तिथे दहा दिवसांचे मौन पाळायला परदेशांतून माणसे येतात. पण हे वैभव रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचले का, एवढाच माझा प्रश्न आहे. ज्याची प्रत्येक खेपेला दिवसाची मजुरी बुडते आणि बसभाड्यासाठी जो हात पसरतो, तो आठ आठवडे वर्गाला कुठला यायला?

यावरही तोड आहे, आणि ती फार खर्चाची नाही. केमोथेरपीचे सलाईन तासन् तास चालते. माणूस छताकडे बघत पडलेला असतो. त्याच वेळात एखाद्या शिकवलेल्या नर्सने पंधरा मिनिटे त्याच्या बोलीत हा अभ्यास करून घ्यावा. पुढचे धडे फोनवरून द्यावेत; घरबसल्या शिकून गुण येतो, हे त्या डच प्रयोगाने दाखवलेच आहे. मनाचे उपचार मिळणे हा २०१७ च्या कायद्याने नागरिकाचा हक्क ठरला आहे. तो मागायला कुणाचा संकोच नको. १० ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेलि-मानस ही फुकट सेवा १४४१६ या क्रमांकावर चालू आहे, तिथे मराठीत बोलता येते. आजाऱ्याची झोप उडाली असेल, अन्न जात नसेल, "आता जगून काय करू" असे तो म्हणू लागला असेल, तर तिथे नुसत्या ध्यानाने भागणार नाही. मानसोपचाराच्या डॉक्टरकडेच न्यावे.

पण हे सारे पुढचे. या दिवाळीत करायचे काम त्याहून लहान आहे. पाहुणे फटाके पाहायला अंगणात गेले, की घरातल्या ज्या माणसावर आजाऱ्याचा सर्वांत अधिक जीव आहे, त्याने त्याच्या खाटेशी बसावे आणि विचारावे, "तुमच्या दुखण्याविषयी तुम्हांला काही विचारायचे आहे का?" मग उत्तराची वाट पाहावी. ते लगेच येणार नाही. कदाचित पहिल्या दिवशी "काही नाही" एवढेच येईल. भाऊबिजेला पुन्हा विचारावे. आणि विचारताना तेवढा टीव्ही बंद ठेवावा.