संगणकाचा नकार वाचताना

लिनक्सवर चालणारा संगणक आपल्या भांडाराशी जुळवून घ्यायला नकार देऊ लागला तर काय करावे, या प्रश्नाची आंतरजालावर मिळणारी उत्तरे बहुधा एकाच साच्यातली असतात. अमुक ओळ उतरवून घ्या, एंटर दाबा, काम होईल. बरेचदा काम होतेही. माझा आक्षेप त्यांतल्या एका विशिष्ट जातीच्या ओळीला आहे. ही ओळ भांडाराच्या यादीवरची सही तपासूच नकोस असे संगणकाला बजावते, किंवा भांडाराच्या पत्त्याशेजारी ‘ट्रस्टेड’ असा शिक्का मारून मोकळी होते. नकार मिटतो, पण तो का आला होता, हे कधीच कळत नाही. मराठीच्या अध्यापकाने यात का पडावे, असे कोणी विचारील. पडावे, कारण हा प्रश्न मुळात पाठाचा आहे.

आधी यंत्रणा थोडक्यात पाहू. डेबियन किंवा उबुंटू असलेल्या संगणकावर देवनागरीचा लोहित टंक घालायचा असो वा ब्राउझर, तो येतो भांडारातून. आणून देण्याचे काम ‘ॲप्ट’ नावाची आज्ञावली करते. ती प्रथम भांडाराची मुख्य यादी मागवते. तिला ‘रिलीज फाईल’ म्हणतात. या यादीवर भांडार चालवणाऱ्यांची अंकीय सही असते. यादीत पुढच्या याद्यांचे ठसे नोंदलेले असतात, आणि त्या याद्यांत प्रत्येक पॅकेजचा ठसा. म्हणजे सही एकच, पण तिच्या आधारावर हजारो पॅकेजे पारखता येतात.

हा ठसा म्हणजे काय, हे पोथ्या हाताळलेल्यांना चटकन उमगेल. जुन्या हस्तलिखितांच्या शेवटी ग्रंथाग्र नोंदलेले असते: बत्तीस अक्षरांचा एक ग्रंथ धरून मजकूर किती भरतो त्याची संख्या. मराठी पोथ्यांत अध्यायाअखेर ओव्यांची संख्या येते. नकलाकाराने काही गाळले वा घुसडले, तर निदान बेरीज बोलते. संगणकी ठसा हे या कल्पनेचेच अतिकठोर रूप आहे. ओव्यांची संख्या कायम ठेवून शब्द बदलता येतो. इथे एक अक्षर हलले तरी ठसा पार बदलून जातो.

या कठोरपणाला कारण आहे. भांडाराच्या प्रती जगभर विद्यापीठे, संस्था, कंपन्या आपापल्या यंत्रांवर ठेवतात. त्यांना ‘मिरर’ म्हणतात. २००८ मध्ये अ‍ॅरिझोना विद्यापीठातील संशोधकांनी एका काल्पनिक कंपनीच्या नावाने भाड्याचे यंत्र घेऊन मिरर होण्यासाठी अर्ज केले, आणि डेबियन, उबुंटू, फेडोरा अशा नामांकित वितरणांच्या अधिकृत यादीत ते जाऊन बसले. तेव्हा प्रत कोणी आणून दिली, यावर विसंबता येत नाही. ती जुळते का, एवढेच विचारता येते. भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ पासून १९६६ पर्यंत चालले. संपादकांपुढे हस्तलिखितांचा ढीग होता, पण जिच्याशी ताडून पाहावे अशी मूळ प्रत नव्हती. संगणकाजवळ मूळ प्रतीचा सही केलेला ठसा असतो. हे भाग्य एका उसन्या ओळीने उधळून टाकण्याइतके स्वस्त नाही.

आता नकारांकडे वळू. ते सगळे सारखे नसतात, आणि इथेच वाचनाचे काम सुरू होते.

महाविद्यालयांच्या जाळ्यात अनेकदा भेटणारा नकार सांगतो की, सही असलेली फाईल वैध नाही, ‘नोस्प्लिट’ मिळाले. शब्द दुर्बोध खरा, पण त्याच संदेशात पुढे कंसात प्रश्न असतो: या जाळ्यात ओळख द्यावी लागते का? झालेले असते ते असे: संगणकाने यादी मागितली आणि मधल्या यंत्राने आपले प्रवेशाचे पान हाती दिले. ग्रंथपालाकडे ग्रंथ मागावा आणि त्याने सभासदत्वाचा अर्ज पुढे सरकवावा, तसे. ब्राउझर उघडून नाव व परवलीचा शब्द दिला की प्रश्न संपतो. पण कंसातला मजकूर वाचायचाच नाही, ही सवय आपल्या विद्यार्थ्यांना आपणच लावली आहे की काय, अशी शंका येते.

दुसरा नकार कालाविषयीचा. रिलीज फाईलवर ती केव्हा सिद्ध झाली याची तारीख असते. काही भांडारे मुदतही घालतात. आतली बॅटरी संपलेला संगणक चार वर्षांपूर्वीच्या तारखेने जागा होतो, आणि ‘यादी अजून वैध झालेली नाही’ असे म्हणतो. त्याच्या दृष्टीने ती यादी भविष्यातून आलेली असते! घड्याळ लावले की काम झाले. पण घड्याळ बरोबर असून यादी मुदतबाह्य असल्याचे तो म्हणत असेल, तर अर्थ उलटा. एकतर मिरर मागे पडला आहे, किंवा दुरुस्त्या पोचू नयेत म्हणून कोणी जाणूनबुजून जुनीच यादी पुढे करत आहे. दोन्ही तक्रारी तारखेच्याच, पण उपाय परस्परविरुद्ध.

ठसा न जुळण्याचे कारण बहुधा निरुपद्रवी असते: मिरर स्वतः अर्धवट अद्ययावत झालेला, किंवा मधल्या साठ्याने कालची यादी दिलेली. तासाभराने पाहावे, मिरर बदलावा, साठवलेल्या याद्या पुसून पुन्हा मागवाव्यात. अलीकडचे ॲप्ट अपेक्षित आणि प्रत्यक्ष असे दोन्ही ठसे छापते, हे मला पाठभेदाच्या तळटीपेइतके सभ्य वाटते.

ऑगस्ट २०२१ मध्ये डेबियनची अकरावी आवृत्ती आली, तेव्हा दहावीच्या अनेक वापरकर्त्यांना वेगळाच नकार भेटला. भांडाराचे बिरुद ‘स्टेबल’चे ‘ओल्डस्टेबल’ झाले होते आणि हा बदल तुम्ही स्पष्टपणे मान्य करा, असे संगणक म्हणत होता. बिघाड कसलाच नव्हता. यंत्राने नामांतराला संमती मागावी, याचे मला कौतुक वाटते.

खरा पेच सहीच्या किल्लीचा. एप्रिल २०२५ मध्ये काली लिनक्सच्या चालकांनी जाहीर केले की भांडारावर सही करण्याची किल्ली त्यांच्या हातून गेली आहे. ती चोरीला गेलेली नाही, पण वापरता येत नाही. नवी किल्ली उतरवून घेईपर्यंत सर्वांचेच संगणक नकार देणार होते. आता नवी किल्ली खरी कशावरून? याचे उत्तर साखळीच्या आत मिळत नाही. चालकांच्या स्वतःच्या स्थळी जाऊन किल्लीचा ठसा ताडावा लागतो. कोणा परोपकारी व्यक्तीने दिलेल्या दुव्यावरून किल्ली घेणे म्हणजे सही मानणे, पण सही कोणाची हे न विचारणे. तपासणी सर्वस्वी निर्दोष असते असाही माझा दावा नाही. जानेवारी २०१९ मध्ये खुद्द ॲप्टमध्येच असा दोष सापडला होता, ज्यातून मधल्या माणसाला खोटे पॅकेज घुसवता आले असते. तो दुरुस्त झाला. तपासणीत दोष निघतो म्हणून तपासणीच सोडावी, हे मात्र पटत नाही.

उलट बाजूही पाहावी. सेंटओएस ८ चा आधार ३१ डिसेंबर २०२१ ला संपला, सेंटओएस ७ चा ३० जून २०२४ ला. त्यांची भांडारे नेहमीच्या जागेवरून हलली आणि जुन्या पत्त्यावर काही मिळेनासे झाले. पत्ता बदलून ‘व्हॉल्ट’ या जुन्या दप्तराचा दिला की नकार थांबतो, सारे जुळते. जुळणारच, त्या दप्तरात नवी दुरुस्ती कधी येणारच नाही. असा संगणक दररोज यशाचा संदेश देत राहतो आणि दररोज अधिक असुरक्षित होत जातो.

विभागांतल्या संगणकांवर विद्यार्थ्यांचे शोधप्रबंध असतात, पोथ्यांची छायाचित्रे असतात. तिथे काय शिरते याची जबाबदारी आपण ‘संगणकातले कळणाऱ्या’ एखाद्या मुलावर टाकून देतो, आणि तोही बिचारा उसनी ओळ चिकटवतो. माझी सूचना साधी आहे. संगणकाशेजारी एक वही ठेवावी. नकार आला की तो पहिल्या शब्दापासून कंसातल्या शेवटच्या शब्दापर्यंत, इंग्रजीत असला तरी, जसाच्या तसा उतरवावा. मग काय केले ते लिहावे. वर तारीखही घालावी. ती मात्र भिंतीवरच्या दिनदर्शिकेत पाहून लिहावी, संगणकात पाहून नव्हे.