ऑरगॅनिक आहे, औषध नाही!

हॉटेल मॅनेजमेंट करणाऱ्या दोस्तांनो, चार-पाच वर्षांत तुमच्यापैकी कुणी ना कुणी गोव्यात, दुबईत नाहीतर एखाद्या क्रूझवर वाइन लिस्ट ठरवत असेल. ‘हाउस रेड’ म्हणून, म्हणजे रोज ग्लासवर विकायची रेड वाइन म्हणून काय ठेवाल? मला विचाराल तर स्पेनमधल्या खुमियाची ऑरगॅनिक मोनास्त्रेल. पण ती ज्या थापा मारून विकली जाते, त्या मात्र नकोत!

आधी खुमियाच का, ते बघू. आग्नेय स्पेनमधला हा कोरडा भाग. वर्षाला पाऊस जेमतेम ३०० मिलिमीटर. द्राक्षाचे मोठे शत्रू म्हणजे डाऊनीसारखे बुरशीजन्य रोग, आणि त्यांना ओल लागते. अवकाळीचे ढग दिसले की फवारणीचा पंप पाठीवर घेणाऱ्या नाशिकच्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. खुमियात हवाच कोरडी, त्यामुळे फवारणीची गरज मुळातच कमी. थोडक्यात, तिथे ऑरगॅनिक शेती ही नुसती फॅशन नाही, ती तिथल्या हवामानाला जमते. जगात सगळ्यात जास्त ऑरगॅनिक द्राक्षबागा असलेल्या देशांमध्ये स्पेनचं नाव घेतलं जातं, त्यामागे हेही एक कारण आहे.

दुसरा मुद्दा पैशांचा. खुमियाला रिओहासारखं बडं नाव नाही, त्यामुळे किंमत सहसा आवाक्यात असते. ७५० मिलिलिटरच्या बाटलीतून १५० मिलिलिटरचे पाच ग्लास निघतात. बाटली महाग असेल तर ग्लासही महाग, आणि मग तो कुणी मागवतच नाही. आपल्याकडे आयातशुल्कामुळे हे गणित आणखी अवघड होतं. मोनास्त्रेल गडद, दमदार असते. मटण, कबाब अशा पदार्थांपुढे ती फिकी पडत नाही.

आता थापांकडे येऊ. ‘ऑरगॅनिक आहे सर, हेल्दी आहे’, ‘हिनं हँगओव्हर होत नाही’ ही वाक्यं बारमध्ये सर्रास ऐकू येतात. बॉस, ऑरगॅनिक हा शब्द शेतीबद्दल आणि वाइन बनवण्याच्या पद्धतीबद्दल बोलतो, तुमच्या लिव्हरबद्दल नाही! मोनास्त्रेलमध्ये अल्कोहोल बरेचदा १४ टक्क्यांच्या आसपास असतं आणि ऑरगॅनिकच्या शिक्क्यानं ते कमी होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९८८ मध्येच मद्याला कर्करोगकारक ठरवलंय.

मग शिक्क्याचा अर्थ काय? युरोपीय संघात २०१२ च्या हंगामापासून ‘ऑरगॅनिक वाइन’ला स्वतंत्र नियम आहेत. त्याआधी फक्त ‘ऑरगॅनिक द्राक्षांची वाइन’ एवढंच लिहिता यायचं. कोरड्या रेड वाइनमध्ये सल्फाइटची मर्यादा लिटरला १५० मिलिग्रॅम, ऑरगॅनिकमध्ये १००. म्हणजे कमी, शून्य नाही. बागेत गंधक आणि मर्यादित तांबंही चालतं. लेबलवर ताऱ्यांचं हिरवं पान आणि ‘एकोलोहिको’ हा स्पॅनिश शब्द शोधा.

सल्फाइट वाइनला हवेपासून जपतं. ते कमी असेल तर उघडलेली बाटली जास्त सांभाळावी लागते. बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा, उघडल्याची तारीख लिहा, दोन-तीन दिवसांत संपवा. आणि रेड ‘रूम टेंपरेचर’ला द्यायची म्हणजे १६ ते १८ अंशांना, नागपूरच्या मे महिन्यातल्या रूमच्या नव्हे!

एक राहिलंच. महाराष्ट्रात वाइनसाठी वयाची अट २१ आहे. आपल्यातले बरेच जण अजून अलीकडेच आहेत, पण लेबल वाचायला वयाची अट नाही. ते वाचायला आत्ताच शिका. उद्या गिऱ्हाईक ‘ही हेल्दी आहे का?’ असं विचारेल, तेव्हा ‘नाही, पण शेती चांगली आहे’ हे खरं उत्तर द्यायची हिंमत ठेवा. विक्री त्यानंही होते आणि गिऱ्हाईकही टिकतं.